पोटापाण्याचे प्रश्न : पित्तनळीची पत्रं

गेल्या अंकात पित्ताशयातल्या खड्यांवर लिहिलं, तेव्हा वाटलं होतं की आता महिनाभर निवांत. झालं उलटंच. ‘पिशवीचं कळलं, पण ती नळी काय भानगड आहे?’ अशा पत्रांचा ढीग पडला. व्हॉट्सॲपवर रिपोर्टचे तिरके फोटो आले. त्यातल्या बऱ्याच फोटोंत ट्यूबलाइट चमकून नेमका आकडाच दिसत नव्हता. मिरजेत दुर्बिणीच्या खोलीत माझे केस पांढरे झाले ते बहुतेक या नळीपायीच, त्यामुळे यावेळी सगळी जागा तिलाच देते.

आधी भूगोल. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. यकृतातल्या केसाएवढ्या नळ्या एकत्र येत येत एक डावी आणि एक उजवी नळी होते, त्या दोघींची मिळून मुख्य नळी. वाटेत पित्ताशय तिला बाजूनं येऊन मिळतं. पुढे ही नळी स्वादुपिंडाच्या मागून उतरते आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात उघडते. मुख्य नळीचा खालचा भाग सात-आठ सेंटिमीटर लांब, आतून रुंदी सहा मिलिमीटरच्या आसपास. तोंडाशी स्नायूची झडप, आणि स्वादुपिंडाची नळीही तिथंच येऊन उघडते. म्हणून तिथं अडकलेला मुगाएवढा खडा एकाच वेळी कावीळही आणतो आणि स्वादुपिंडाला सूजही आणतो. पित्ताशय काढलं तरी माणूस मजेत जगतो. नळीचं तसं नाही.

नळी तुंबली की आतड्यात जाणारा पिवळा रंग रक्तात उलटतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. लघवी कडक चहासारखी होते, शौचाचा रंग उडून ती मातकट, पांढुरकी होते, अंगाला खाज सुटते. ‘कावीळ आहे’ एवढंच लिहिलेल्या पत्राला मला उत्तर देता येत नाही. रंग लिहा, संकोच करू नका.

तासगावहून एक बागायतदार, वय ४६

*फेब्रुवारीत पोटात कळ येऊन कावीळ झाली. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, नळीतला खडा काढला, प्लास्टिकचा स्टेंट ठेवला. दीड महिन्यानं या, स्टेंट काढू आणि पित्ताशयाचं ऑपरेशन करून घेऊ, असं सांगितलं होतं. पण तेव्हा द्राक्षाचा माल निघत होता, मग खरड छाटणी, मग पाऊस. आता ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे. त्रास काहीच नाही. फक्त मागच्या आठवड्यात एका रात्री हुडहुडी भरून ताप आला, गोळीनं उतरला. छाटणी उरकून स्टेंट काढला तर चालेल का?*

नाही चालणार. तुमच्या पत्रात फोन नंबर होता म्हणून त्याच दिवशी फोन केला. अंक छापून हातात पडेपर्यंत थांबण्यासारखं हे प्रकरण नव्हतं. इथं छापते ते तुमच्यासारख्या बाकीच्यांसाठी, कारण असे ‘त्रास काहीच नाही’वाले स्टेंट मी वर्षभर काढत असते.

प्लास्टिकचा स्टेंट म्हणजे तीन मिलिमीटर जाडीची, सात ते दहा सेंटिमीटर लांबीची नळी. ती कायमची बसवलेली नसते, पित्ताला तात्पुरती वाट म्हणून ठेवलेली असते. तुमच्या बागेत ठिबकचे ड्रिपर कसे क्षार आणि शेवाळ धरून बंद होतात, तसंच हिचं होतं. आतड्यातले जंतू आतल्या भिंतीवर चिकट थर धरतात, त्यावर पित्ताचा गाळ बसतो, आणि साधारण तीन महिन्यांत वाट बंद होत जाते. फरक इतकाच की ड्रिपर बुजला तर झाड सुकलेलं दिसतं, इथं बाहेरून काही दिसत नाही. स्टेंटच्या कडेनं थोडंफार पित्त झिरपत राहतं, माणूस भाकरी खातो, बागेत जातो. आणि आत स्टेंटभोवतीच नवा खडा धरायला लागतो.

काढलेला जुना स्टेंट मी मुद्दाम ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवते. आत घातला तेव्हा तो निळा किंवा हिरवा, काचेसारखा गुळगुळीत असतो. वर्षानं निघतो तो काळपट तपकिरी, टोकाला चिकट गाळाचं बोंड, आणि वास असा की दाखवायला आणलेला जावई दोन पावलं मागं सरकतो. जास्त दिवस झाले असतील तर तो ओढताना तुकडेही पडतात.

तुमच्या पत्रातला खरा काळजीचा शब्द आहे ‘हुडहुडी’. नळीत तुंबलेलं पित्त पिकलं की जंतू थेट रक्तात जातात. दात वाजवणारी थंडी आणि ताप ही त्याची खूण. थंडीताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि कावीळ हे त्रिकूट शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८७७ सालीच लिहून ठेवलंय. पण तिन्ही एकत्र यायची वाट बघू नका. म्हाताऱ्या माणसांत तर ताप न येता नुसती भ्रमिष्टासारखी बडबड आणि उतरलेला रक्तदाब एवढंच दिसतं. गोळीनं ताप उतरला म्हणजे आजार उतरला नाही. अशा वेळी शिरेतून अँटिबायोटिक लागतं आणि नळी मोकळी करावी लागते. आजार गंभीर असेल तर ते काम चोवीस तासांच्या आत व्हायला हवं.

दुसरी गोष्ट, तुमचं पित्ताशय अजून आतच आहे. खडे तयार होतात ते तिथं. नळीतला काढला, पिशवीतले राहिले, तर पुढचा कधी घसरेल याचा नेम नाही. नळी साफ झाल्यावर शक्य तितक्या लवकर, खरं तर दोन-तीन आठवड्यांतच, पित्ताशय काढून घ्यायचं असतं.

ज्यांना कुणाला स्टेंट पडलाय, त्यांनी डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: प्लास्टिकचा की धातूचा, कधी घातला, कधी काढायचा. कार्ड कपाटातल्या कॅरीबॅगेत जातं, म्हणून ती तारीख कालनिर्णयावर लाल पेनानं मांडा आणि मुलाच्या मोबाइलमध्येही टाका. पैशांची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, तुमचा उपचार यादीत बसतो का ते त्यांना विचारा. तारीख चुकली म्हणून डॉक्टर ओरडतील या भीतीनं लोक अजून उशीर करतात. ओरडतील, खरंय. मीही ओरडते. या.

चिपळूणहून एक आजी

*नात पाच आठवड्यांची झाली, अजून डोळे पिवळे आहेत. दूध छान पिते, वजनही ठीक. सगळे म्हणतात सकाळच्या कोवळ्या उन्हात धरा. लघवीनं लंगोट पिवळा होतो. शी मात्र सुरुवातीपासून फिकट, आता तर खडूसारखी. गरम दुधाची बाटली द्यावी का?*

आजी, तुम्हालाही फोनवरच सांगितलं आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी बाळाला घेऊन निघालात, फार बरं केलंत. बाकीच्या आज्यांसाठी लिहिते.

जन्मानंतर पहिल्या आठवड्यात येणारी कावीळ बहुतेक बाळांना होते आणि जाते. तिच्यात लघवी पाण्यासारखी आणि शी मोहरीसारखी पिवळी राहते. पण पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांपुढे टिकली, लंगोटावर लघवीचा पिवळा डाग पडायला लागला, किंवा शी पांढुरकी झाली, तर त्या दिवशी ऊन नको, तपासणी हवी. बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीच्या पिवळ्या रंगाचा, नुसता एकूण आकडा पुरत नाही, त्यातला ‘डायरेक्ट’ भाग किती ते मोजायला सांगा.

यामागं काही बाळांत पित्तनळीच बंद झालेली असते. तिला बिलिअरी अट्रेझिया म्हणतात. जपानमधल्या मोरिओ कसाई यांनी यावरचं ऑपरेशन १९५९ साली प्रसिद्ध केलं: यकृताच्या दारातला बंद भाग कापून तिथं आतड्याचा तुकडा थेट जोडायचा. ते आजही त्यांच्याच नावानं चालतं. पण यात दिवस मोजावे लागतात. साठ दिवसांच्या आत झालं तर पित्त वाहण्याची शक्यता चांगली, पुढे ती घसरत जाते कारण तोवर यकृत कडक होत जातं. बऱ्याच मुलांना पुढे यकृतरोपण लागतं हेही खरं, पण वेळेवर झालेलं कसाई ऑपरेशन तो दिवस वर्षानुवर्षं लांबवू शकतं. काहीच केलं नाही, तर यातली बहुतेक मुलं दुसरा वाढदिवस बघत नाहीत.

तैवाननं २००४ पासून प्रत्येक नव्या आईच्या हातात शीच्या रंगांचं कार्ड ठेवलंय. आई घरी बसून रंग ताडून बघते. आपल्याकडे ते काम आजीच करते. तुम्ही ‘खडूसारखी’ हा शब्द लिहिलात, त्या एका शब्दानं सगळं कळलं. बाटलीची गरज नाही. आईचं दूध चालू ठेवा.

पुण्याहून, नाव नको म्हणणारे

*सफरचंदाचा रस पाच दिवस, मग ऑलिव्ह तेल, लिंबू आणि एप्सम सॉल्ट घेतलं. सकाळी हिरवे मऊ खडे पडले, फोटो जोडलाय. नळी साफ झाली का?*

झाला तो साबण. २००५ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका बाईंचे असेच ‘खडे’ तपासून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं: चाळीस अंशांना वितळून हिरवट तेल झालं, आत कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन नाही, कॅल्शियम नाही. तेलाचंच पोटात साबणासारखं घट्ट झालेलं रूप. खरे पित्तखडे असे वितळत नाहीत. शिवाय एवढं तेल एकदम प्यायल्यावर पित्ताशय जोरानं आकुंचन पावतं आणि आतला खरा खडा नळीत ढकलला जाऊ शकतो. सोनोग्राफी करा. फोटो पुन्हा पाठवू नका, मी जेवत होते.

डोंबिवलीहून एक शिक्षिका, वय ५१

*दीड वर्षं अंगाला खाज. रात्री जास्त, तळहात-तळपाय तर खरवडून काढावेसे वाटतात. पुरळ नाही. साबण बदलले, खरजेची मलमं झाली, त्वचेचे डॉक्टर बदलले. शेवटी कुणीतरी रक्त तपासलं, अल्कलाइन फॉस्फटेज (पित्तनळ्या दुखावल्या की वाढणारं एन्झाइम) ४१०. एएमए (शरीराच्याच पेशींवर उलटणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. ‘पीबीसी’ म्हणाले, रात्री एक ३०० ची गोळी दिली. मुलानं नेटवर ‘सिरॉसिस’ वाचलं. मी दारूला कधी शिवलेही नाही, पण घरात कुजबुज सुरू आहे. शिवाय इतका थकवा असतो की सासूबाईंना वाटतं मी कामचुकार झाले. वजन ५५ किलो.*

ताई, हे पत्र आधी घरात मोठ्यानं वाचून दाखवा. या आजाराचा दारूशी काडीचा संबंध नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था यकृतातल्या अगदी बारीक पित्तनळ्यांवर उलटते, असा हा आजार आहे. चाळिशी ते साठीतल्या बायकांना जास्त होतो, दहा रुग्णांत नऊ बायका. नळ्या इतक्या बारीक की सोनोग्राफीत, एमआरसीपीत (पित्तनळ्यांच्या एमआरआयमध्ये) काहीच दिसत नाही. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, मनाची खाज आहे’ असं ऐकवलं जातं. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं आणि एएमए पॉझिटिव्ह, या दोन गोष्टी मिळाल्या की बहुतेक वेळा यकृताचा तुकडा काढून तपासायचीही गरज पडत नाही.

पीबीसीच्या जुन्या नावात शेवटचा ‘सी’ म्हणजे ‘सिरॉसिस’ (यकृत कडक, गाठाळ होणं) होतं, २०१५ च्या सुमारास जगभरच्या तज्ज्ञांनी ते काढून ‘कोलँजायटिस’ (पित्तनळ्यांची सूज) केलं. रुग्णांचीच तक्रार होती, अगदी तुमच्यासारखीच. निदान होताना बहुतेकांना सिरॉसिस नसतोच. तुम्हाला आहे की नाही ते फायब्रोस्कॅनवर, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीवर, बऱ्यापैकी कळेल.

आता गोळीचं. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड हे यातलं पहिलं औषध, आणि ते वजनावर चालतं: किलोला १३ ते १५ मिलिग्रॅम. तुमच्या ५५ किलोला दिवसाला ७०० ते ८०० च्या घरात लागेल. ३०० म्हणजे निम्मंसुद्धा नाही. असे अर्धवट डोस मला फार चिठ्ठ्यांवर दिसतात. रुग्ण वर्षभर इमानदारीनं गोळी घेतो आणि मग सगळे म्हणतात ‘औषध लागू पडलं नाही’. स्वतः वाढवू नका, हा परिच्छेद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी आयुष्यभराची. पूर्ण डोसवर वर्षभरानं अल्कलाइन फॉस्फटेज पुन्हा बघायचं. पुरेसं उतरलं नाही तर जोडीला फेनोफायब्रेट किंवा बेझाफायब्रेटसारखं दुसरं औषध देता येतं.

या गोळीनं खाज मात्र थांबेलच असं नाही. खाजेचं औषध वेगळं. पहिलं कोलेस्टिरामिन, पुडीतली भुकटी पाण्यात कालवून. तिला एक वाईट खोड आहे, पोटात जे दुसरं औषध असेल ते ती स्वतःला चिकटवून घेऊन बाहेर नेते. म्हणून अर्सो, थायरॉइडची गोळी, कुठलीही गोळी पुडीच्या निदान चार तास नंतर किंवा पुरेशी आधी. हे न सांगता पुडी दिली की दोन्ही औषधं वाया. तिनं भागलं नाही तर रिफाम्पिसिन, होय, टीबीचं. त्यावर यकृताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात. खाज म्हणून अँटिहिस्टामिनच्या गोळ्या खात बसण्यात फारसा अर्थ नाही, त्यांनी झोप येते इतकंच.

थकव्याला दुर्दैवानं गोळी नाही. पण तो खरा आहे, रक्ताच्या आकड्यांवर तो ठरत नाही, आणि सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलंत तर जास्त पटेल. थायरॉइड तपासा, कारण तो या आजाराच्या जोडीला बऱ्याचदा येतो. डोळे, तोंड कोरडं पडत असेल तर तेही सांगा. हाडांची घनता मोजून घ्या, रजोनिवृत्तीचं वय आणि हा आजार दोन्ही हाडांच्या मुळावर येतात.

नागपूरहून, वडिलांबद्दल

*वडील ६७. दोन महिने कावीळ. पोटात अजिबात दुखत नाही, पण वजन नऊ किलो उतरलं, खाज सुटते. गावाकडे काविळीची माळ घातली, ती लांबली तरी कावीळ वाढतेच आहे. एका ठिकाणी लगेच स्टेंट टाकू म्हणाले.*

माळ लांबते कारण ओल्या काड्या वाळून आकसतात आणि गाठी सैल होतात. ती कुणाच्याही गळ्यात लांबेल, खुंटीवर टांगली तरी लांबेल. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं तेही आंब्याच्या सालीच्या रसानं. या उपायांना यश मिळालंय कशामुळं, तर आपल्याकडची बहुतांश कावीळ हिपॅटायटिस ए किंवा ई ची. इचलकरंजीला २०१२ मध्ये दूषित पाण्यातून पसरलेली साथ ई चीच होती. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं. तुंबलेली नळी आपोआप मोकळी होत नाही.

साठी ओलांडलेल्या माणसाला न दुखता वाढत जाणारी कावीळ, मातकट शौच आणि वजनात घट असेल, तर पित्तनळीच्या किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कर्करोगाची शंका आधी फेडून घ्यायची. तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण क्रम सांभाळा. ताप नसेल तर आधी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन, मग स्टेंटचा निर्णय. आधी स्टेंट घातला की त्या जागी सूज येते आणि स्कॅनमध्ये गाठ किती, कुठवर, हे नीट वाचता येत नाही. गाठ काढण्यासारखी असेल, तर कित्येकांना स्टेंट न घालता थेट ऑपरेशनच करतात. ताप असेल, बिलिरुबिन फार चढलं असेल, किंवा ऑपरेशन लांबणार असेल, तर स्टेंट. ऑपरेशन शक्यच नसेल तर धातूचा स्टेंट, तो रुंद असतो आणि प्लास्टिकपेक्षा बराच जास्त टिकतो.

सीटीची सीडी घेऊन अशी ऑपरेशनं रोज होतात तिथं दाखवा. मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलपर्यंत जायची तयारी असेल तर उत्तमच. नळीच्या अगदी तोंडाशी असलेली गाठ कावीळ लवकर दाखवते, त्यामुळे ती लवकर सापडते आणि तिचा निकाल स्वादुपिंडाच्या गाठीपेक्षा बरा असतो. दोन महिने गेले, आता दोन आठवडे घालवू नका.

सोलापूरहून, बहिणीबद्दल

*बहीण ३४ वर्षांची. पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, ड्रेनमधून (पोटात ठेवलेल्या नळीतून) रोज अर्धा लिटर हिरवं-पिवळं पाणी येतंय. डॉक्टर म्हणतात नळीला इजा झाली असावी, मोठ्या ठिकाणी न्या. आधी त्यांना जाब विचारावा का? आणि पोट लगेच पुन्हा उघडतील का?*

जाब नंतर. आधी कागद घ्या: ऑपरेशन नोट, रेकॉर्ड केलं असेल तर व्हिडिओ, झालेल्या तपासण्या. तिसऱ्या दिवशी ‘मोठ्या ठिकाणी न्या’ म्हणणारा सर्जन मला त्याच्यापेक्षा शंभरपट बरा वाटतो, जो दहा दिवस ‘बघू, थांबेल’ म्हणतो.

भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सुरुवात झाली १९९० मध्ये, मुंबईत. आज ते घराघरातलं ऑपरेशन झालंय, तरी हजारात साधारण तीन ते पाच जणांच्या मुख्य नळीला इजा होते. सुजलेलं पित्ताशय नळीला चिकटलेलं असतं, आणि नळ्यांची जोडणीही प्रत्येकाची अगदी एकसारखी नसते. पूर्वी पोट उघडून करतानाही हे व्हायचं. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांची नळी एप्रिल १९५३ मध्ये लंडनला पित्ताशयाच्या ऑपरेशनात कापली गेली, आणि ती जोडून घ्यायला त्यांना बोस्टनला जावं लागलं. पुढे ते पंतप्रधान झाले, १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगाच्या ऐन धामधुमीतही त्यांना तापाचे झटके येत होते, पुन्हा ऑपरेशनं झाली. पण १९७७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ऐंशीपर्यंत, जगले.

अर्धा लिटर म्हणजे दिवसाचं निदान निम्मं पित्त बाहेर जातंय. त्याबरोबर मीठ-पाणीही जातं, ते भरून काढत राहायला हवं. ड्रेनमधलं पाणी रोज मोजून वहीत लिहा. पुढच्या ठिकाणी सोनोग्राफी किंवा सीटी करून पोटात कुठं पित्त साचलंय का बघतील आणि ते नळी घालून काढतील. मग एमआरसीपीनं नळीचा नकाशा. गळती पित्ताशयाच्या बुडख्यातून असेल तर ईआरसीपी करून स्टेंट घातला की बहुतेक वेळा भागतं. मुख्य नळीच तुटली असेल तर आतड्याचा तुकडा वर आणून यकृताच्या दाराशी नळीला जोडावा लागतो. ते लगेच की काही आठवड्यांनी, हे पोटात जंतुसंसर्ग किती, त्यावर ठरतं. सहा आठवडे थांबा म्हणाले तर ती टाळाटाळ समजू नका. सुजलेल्या मांसात टाका टिकत नाही.

हट्ट एकाच गोष्टीचा धरा. ही जोडणी यकृत-पित्तमार्गाचंच काम करणाऱ्या सर्जनकडून झाली पाहिजे. पहिली जोडणी सर्वांत चांगली बसते. बिघडली की दुसरी, तिसरी कठीण होत जाते. आणि बहीण बरी होऊन घरी आली तरी वर्षातून एक-दोनदा यकृताच्या रक्ततपासण्या करायच्या, कारण जोड वर्षांनंतरही आवळत जाऊ शकतो.

ईआरसीपीच्या भीतीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय

झोपेचं औषध देतात, दुर्बीण तोंडातून जाते, पोटावर चीर नाही. आदल्या रात्रीपासून उपाशी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगा, ऐन टेबलावर नको. मुख्य धोका म्हणजे स्वादुपिंडाला सूज येणं. शंभरात तीन ते दहा जणांना येते, बहुतेकांची सौम्य. ती कमी व्हावी म्हणून गुदद्वारातून डायक्लोफेनॅकची वडी देतात, लाजू नका. या धोक्यामुळेच आता नुसतं ‘बघायला’ ईआरसीपी करत नाहीत. बघायचं काम एमआरसीपीचं किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीचं, ईआरसीपी काही काढायचं किंवा घालायचं असेल तेव्हाच. कुणी तपासणी म्हणून सुचवली, तर ‘एमआरसीपीनं भागणार नाही का?’ एवढं विचारायला हरकत नाही.

खाण्याबद्दल, सांगली-कोल्हापूर-बेळगावहून आलेल्या सगळ्यांना मिळून

हळदीनं कावीळ वाढत नाही. आमटीतली हळद काढून टाकली तर फक्त आमटी बेचव होते. पिवळी डाळ, केळं, आंबा, सगळं चालतं. नळी तुंबलेली असेपर्यंत तेल-तूप पचत नाही, ते कमी ठेवा. मोकळी झाली की हळूहळू नेहमीचं जेवण. आठवडे न् आठवडे नुसत्या चुरमुऱ्यांवर आणि उकडलेल्या भोपळ्यावर ठेवलेली माणसं माझ्याकडे येतात ती काविळीपेक्षा उपासमारीनं खचलेली असतात.

कावीळ जुनी असेल तर शरीरात के जीवनसत्त्व कमी पडतं, कारण ते शोषायला पित्त लागतं, आणि मग रक्त लवकर गोठत नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल तर सांगा, इंजेक्शननं भरून निघतं.

आणि उसाचा रस. त्यानं कावीळ उतरत नाही, पण घरी काढलेला असेल तर प्या, साखर पोटात जाते इतकंच. गाड्यावर पिणार असाल तर आधी बर्फ कुठल्या पाण्याचा ते विचारा. इचलकरंजीकरांना मी हे सांगायला नको.